गायक-गीतकारांचे वाढदिवस आणि जयंत्या सोलापुरात साजऱ्या करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा कट्टा हौशी गाणाऱ्यांचा. बँकेतून निवृत्त झालेले दोघे, दोन शिक्षिका, एक शिंपी आणि एक यंत्रमागवाला, ज्याला मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून गायची सवय जडलीय आणि ती माईकसमोरही सुटत नाही. गायक, संगीतकार, गीतकार यांच्या दिवशी आम्ही छोटे कार्यक्रम करतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आमचा एक हट्ट आधीच सांगून ठेवतो. कार्यक्रम कोणाच्याही नावाने असो, गाणं लिहिलं कोणी हे माईकवरून सांगितल्याशिवाय पहिला सूर लागत नाही. हा हट्ट कुठून आला ते खाली येईलच.

निमंत्रणावर काय छापायचं? वाढदिवस, जयंती की जन्मदिन?

कलाकार हयात असेल तर वाढदिवस. अभीष्टचिंतन, अमृतमहोत्सव हे शब्दही शोभतात. गेलेल्यांची जयंती, आणि तिथे ‘हार्दिक शुभेच्छा’ नको, ‘विनम्र अभिवादन’. एवढं सांगूनही दर ३१ जुलैला ग्रुपवर रफीसाहेबांचा फोटो येतो आणि खाली फुगे, केक. ३१ जुलै १९८० हा ते गेले तो दिवस. जन्म २४ डिसेंबर १९२४चा.

‘शंभरावी जयंती’ नक्की कोणत्या वर्षी?

रफींचंच घ्या. २४ डिसेंबर २०२३ला नव्व्याण्णव पूर्ण झाली आणि शंभरावं लागलं, म्हणजे जन्मशताब्दी वर्ष सुरू झालं. २४ डिसेंबर २०२४ला शंभर पूर्ण, ती सांगता. दोन्ही दिवस बरोबरच. पत्रिकेवर ‘प्रारंभ’ किंवा ‘सांगता’ एवढा एक शब्द घातला की दोन मंडळांतलं भांडण मिटतं. हयात कलाकाराच्या वयालाही हेच लागू: ‘पंच्याहत्तर पूर्ण’ आणि ‘पंच्याहत्तरावं लागलं’ यात वर्षाचं अंतर आहे. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशोब मात्र पौर्णिमांचा. हजार पौर्णिमा एक्याऐंशीव्या वर्षात भरतात. कोणीतरी ऐंशी पूर्ण होण्याआधीच करून टाकतं, मग घरातले ज्येष्ठ बोटं मोजत बसतात.

दोन ठिकाणी दोन वेगळ्या तारखा सापडल्या. कोणती धरायची?

कलाकार स्वतः जी पाळतो, किंवा त्याच्या घरचे जी पाळतात, ती. आपल्याकडे निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच टाकली. त्यामुळे कागदावरची तारीख म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. तमिळ संगीतकार इळैयराजांचं उदाहरण तर मजेदार आहे. त्यांचा जन्म ३ जूनचा, पण त्याच दिवशी करुणानिधींचा वाढदिवस, म्हणून आपला ते २ जूनला साजरा करतात. ३ तारखेला त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम लावलात तर तुम्ही चूक नाही, फक्त एक दिवस उशिरा पोचलात.

एकाच दिवशी दोन-तीन मोठी माणसं येतात. मग कार्यक्रम कोणाचा?

आम्हाला तर असेच दिवस आवडतात. १ ऑक्टोबर घ्या. सचिनदेव बर्मन १९०६चे. ग. दि. माडगूळकर आणि मजरूह सुलतानपुरी, दोघेही १ ऑक्टोबर १९१९चे. एक माणदेशातल्या शेटफळ्याचा, एक सुलतानपूरचा; एकाच दिवशी जन्मलेले हे दोघे पुढे आपापल्या भाषेतल्या सिनेमाचे अव्वल गीतकार झाले. मजरूह हे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले पहिले गीतकार. अर्धा कार्यक्रम गदिमा, अर्धा मजरूह, मधे दोन गाणी सचिनदांची, आणि त्यातलं एक मजरूहनीच लिहिलेलं. असा धागा हाताशी असला की निवेदन आपोआप बांधलं जातं.

१४ डिसेंबरचा धागा जरा जड आहे. राज कपूर यांचा जन्म १४ डिसेंबर १९२४चा. त्यांचा गीतकार शैलेंद्र गेला १४ डिसेंबर १९६६ला, मित्राच्या वाढदिवशी. आणि १९७७ला ह्याच तारखेला आपले गदिमा गेले. आम्ही एकदा या दिवशी फक्त शब्दांचा कार्यक्रम केला. वाद्यं नव्हती, गाणी नुसती वाचली. माणसं कमी आली, पण जी आली ती उठली नाहीत.

२४ डिसेंबरला रफी, २५ला नौशाद (१९१९). हे दोन दिवस जोडून घ्या. आणि १९१९ हे सालच काहीतरी वेगळं होतं: सुधीर फडके (म्हणजे बाबूजी), गदिमा, पु. ल., मजरूह, नौशाद. २०१९ला शताब्द्यांची इतकी गर्दी झाली की आमच्या तबलजीने वर्षभर दुसरं काम घेतलंच नाही.

जुलैच्या शेवटी तर श्वास घ्यायला फुरसत नसते. २२ला मुकेश, २५ला बाबूजींची जयंती, २९ला त्यांचीच पुण्यतिथी, ३१ला रफी, १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे, ४ला किशोरकुमार. सगळं करायला जाऊ नका. एक निवडा, नीट करा.

सोलापुरात कोणते दिवस टाळावेत?

१२ ते १६ जानेवारी. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा. पार्क चौकाच्या आसपास ना गाडी लावायला जागा ना माईकचा आवाज ऐकू येत. पंचाईत अशी की सी. रामचंद्र, म्हणजे अण्णा चितळकर, १२ जानेवारीचे (१९१८) आणि ओ. पी. नय्यर १६ जानेवारीचे (१९२६). शिवाय सोलापूरकराला १२ जानेवारी म्हणजे आधी चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली ह्याच दिवशी येरवड्यात फाशी दिलं. त्या संध्याकाळी अण्णा चितळकरांची नाचरी गाणी आमच्या तोंडून निघत नाहीत. त्या दिवशी गायचंच असेल तर सोलापूरच्याच कवी कुंजविहारींचं गीत गा, फासावर जाणाऱ्या मुलाने आईला म्हटलेलं. सी. रामचंद्रांना यात्रा संपल्यावरच्या रविवारी घ्या, ते रागावणार नाहीत.

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी शहरात मुक्कामाला असते, तेव्हा आमचे निम्मे कलाकार वारकऱ्यांच्या सेवेत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव; तेव्हा तेलुगू पद्मशाली विणकरांच्या पूर्व भागातला एकही माणूस तुमच्या किशोरकुमार रजनीला येणार नाही. वामनदादा कर्डक १५ ऑगस्टचे (१९२२). झेंडावंदन, जिलेबी आणि सुट्टी यांत त्यांचं नाव राहून जातं, म्हणून आम्ही १४च्या संध्याकाळी गातो.

सोलापूर जिल्ह्यातलं कोण आहे? आम्हाला बाहेरचेच माहीत आहेत.

हा प्रश्न विचारलात म्हणून बरं वाटलं.

राम जोशी सोलापूरचे. पेशवाईतला शाहीर, जातीने ब्राह्मण, कीर्तनाच्या घरातला, आणि लावण्या अशा की पंडितांनी कानात बोटं घालावीत अन् दारामागून ऐकाव्यात. त्या काळी जन्माचा दाखला काढायची पद्धत नव्हती, त्यामुळे तारखेवरून अडून बसू नका. आम्ही त्यांना २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनात बसवतो.

बार्शीचे अमर शेख. जन्म २० ऑक्टोबर १९१६, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक, मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. माईक नसला तरी मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ला गेले, अमर शेख २९ ऑगस्टला. दीड महिन्यात दोघंही. २० ऑक्टोबरला बार्शीला जाऊन गाणार असाल तर डफ घेऊन जा. कीबोर्डवर पोवाडा म्हणजे पिठल्यावर चीज.

आणि कवी संजीव. कृष्ण गंगाधर दीक्षित, १९१४चा जन्म, आयुष्य सोलापुरात. मराठी चित्रपटांसाठी पुष्कळ गाणी लिहिली. आमच्या हट्टाची गोष्ट इथली आहे.

पूर्व भागातल्या एका मंगल कार्यालयात दिवाळीचा कार्यक्रम होता, आशाबाईंच्या गाण्यांचा. ‘सोनियाच्या ताटी’ घेतलं होतं. आमच्या निवेदकाने, म्हणजे मीच, ऐटीत सांगितलं, “गदिमांचे शब्द.” तिसऱ्या रांगेतून एक बाई उठल्या. हिरवं नेसू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“ओ, ते माडगूळकरांचं नव्हं. संजीवांचं हाय ते. आपल्या सोलापूरचे की.”

सभागृह हसलं. मी घाम पुसला. कार्यक्रमानंतर विचारलं, अक्का, तुम्हाला कसं ठाऊक? त्या बिड्या वळतात. घर तेलुगू, मराठी शिकली रेडिओवरून. मांडीवर सूप, त्यात भिजवलेली तेंदूची पानं, कात्री, जर्दा आणि दोरा. “हात गुंतलेला, डोळा गुंतलेला. कान रिकामाच असतंय की. अन् रेडिओवाला गाण्याआधी तिघांची नावं सांगतंय.” खरंच की. विविध भारती १९५७ला सुरू झाली तेव्हापासून गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं सांगायची रीत आहे. मोबाईलच्या पडद्यावर गायकाचं नाव आणि नटीचा फोटो उरला, बाकीचे दोघे गळाले. बिड्या वळणाऱ्या बाईला जे पाठ होतं ते हातात माईक असलेल्या मला नव्हतं.

फक्त मराठी-हिंदीच का? तेलुगू, कन्नड गाणी चालतील का?

सोलापुरात हे विचारायचं असतं का? घंटसाला ४ डिसेंबरचे (१९२२), गायकही आणि संगीतकारही. एस. पी. बालसुब्रह्मण्यम ४ जूनचे (१९४६). पद्मशाली वस्तीत ह्या दोन दिवसांना वेगळी जाहिरात लागत नाही. कन्नडवाल्यांचा २४ एप्रिल, डॉ. राजकुमार (१९२९). नट म्हणून ते देवच, पण पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांच्या नावावर आहे. त्याच २४ एप्रिलला, १९४२ साली, मास्टर दीनानाथ गेले. एकदा पहिल्या सत्रात नाट्यपदं, दुसऱ्यात कन्नड गाणी असं केलं. मध्यंतरात कोणीही उठून गेलं नाही, याचं थोडं श्रेय हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला.

अजून एक. ‘आरआरआर’च्या गाण्याला २०२३ला ऑस्कर मिळालं तेव्हा बाहुली हातात घेऊन मंचावर उभे होते ते संगीतकार एम. एम. कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस. त्या विभागाचा पुरस्कार गाणं रचणाऱ्यांचा असतो, गाणाऱ्यांचा नाही. आमच्या हट्टाला एवढा मोठा साक्षीदार मिळेल असं वाटलं नव्हतं.

किती गाणी घ्यायची? निवड कशी करायची?

अडीच तासांत अठरा ते वीस. गाणं पाच मिनिटांचं, निवेदन दीड-दोन मिनिटांचं, वर सत्कार आणि मध्यंतर. यादीत पंचवीस लिहिली की शेवटची पाच पळत म्हटली जातात.

कारकीर्द दाखवायची असेल तर नुसती गाजलेली गाणी ओळीने लावून भागत नाही. सुरुवातीचं एक कच्चं, मधल्या पडत्या काळातलं एक आणि ज्या गाण्याने दिशा बदलली ते, ही तीन शोधा. बाकीची यादी लोक स्वतःच सांगतात. बाबूजींचा कार्यक्रम असेल तर त्यांनी गायलेलीच गाणी घेऊ नका, इतरांच्या गळ्यातून त्यांनी गाऊन घेतलेलीही घ्या. गीत रामायणाची ५६ गीतं पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५पासून प्रसारित झाली तेव्हा ती कितीतरी वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात होती. एकट्या बाबूजींचं गीत रामायण ही नंतर रुजलेली आठवण. त्यामुळे ते आठ-दहा आवाजांत वाटून गायलंत तर मूळ रूपाच्या जास्त जवळ जाल.

एक सापळा सांगून ठेवतो. ओ. पी. नय्यर यांच्या कार्यक्रमात हौसेने लताबाईंचं गाणं घालणारे भेटतात. ओ. पीं.नी लताबाईंकडून एकही गाणं गाऊन घेतलं नाही. यादीत ते दिसलं की समजावं, कोणीतरी गाणं ऐकलंय पण नावं ऐकली नाहीत.

कराओके की वादक?

पैसे असतील तर वादक. नसतील तर ट्रॅक, त्यात कमीपणा नाही. फक्त पट्टी आधी ठरवा. रफींचे ट्रॅक मूळ पट्टीत असतात आणि आपल्यातल्या बहुतेकांना अंतऱ्यात तिथे पोचता येत नाही. दोन सूर उतरवा. त्याहून खाली नेलात तर बासरीला सर्दी झाल्यासारखी होते. शक्य असेल तर निदान एक ढोलकी किंवा तबला खरा ठेवा.

परवाना लागतो का? गाणी तर जुनी आहेत.

जुनी म्हणजे मोकळी नव्हेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चाल यांचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून. गदिमा १९७७ला गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ला, म्हणजे त्यांच्या चाली २०६२पर्यंत. दोघांचं मिळून झालेलं गाणं गायचं तर नंतर सुटणाऱ्या हक्काकडे बघायचं. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, तो प्रकाशनानंतर ६० वर्षांचा.

हौशी मंडळाने तिकीट न लावता, फुकट आलेल्या श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष गायलं तर कायद्याच्या कलम ५२मध्ये सवलत आहे. तिकीट लावलंत, देणगी प्रवेशिका काढल्यात, तर आयपीआरएसचा परवाना घ्या. गीतकार-संगीतकारांचा वाटा गोळा करणारी ही संस्था १९६९ची. २०१२च्या दुरुस्तीने हा वाटा त्यांच्याकडून करारात लिहून घेऊन हिरावता येत नाही असं झालं, आणि त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर भांडले होते. मूळ रेकॉर्ड वाजवायची असेल तर तिचा परवाना वेगळा. ज्याचा वाढदिवस करताय त्याच्याच हक्काचे पैसे बुडवून केक कापणं बरं दिसत नाही.

कार्यक्रमाचं चित्रण यूट्यूबवर टाकलंत आणि क्लेम आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे हक्कदाराला जातात.

सभागृह कोणतं? रात्री किती वाजेपर्यंत?

मोठ्यासाठी हुतात्मा स्मृती मंदिर, मध्यमसाठी फडकुले सभागृह, बैठकीसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयाचं अ‍ॅम्फी थिएटर. पन्नास माणसांसाठी कोणाच्या तरी घराची गच्ची उत्तम, उन्हाळ्यात तर तीच. उघड्यावर स्पीकर रात्री दहाला बंद, सकाळी सहापर्यंत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ ही मर्यादा आहे. आमचा यंत्रमागवाला माईकशिवायच तिच्या पलीकडे जातो.

केक कापायचा का? पाहुण्यांना काय द्यायचं?

जयंतीला केक नको, हे माझं मत. प्रतिमेला हार घाला, समई लावा. हयात कलाकाराचा वाढदिवस असेल तर औक्षण करा. पितृपक्षात लताबाईंची जयंती (२८ सप्टेंबर) आली की काही जण ‘आत्ता कसं’ म्हणतात. गाण्याला पितृपक्ष लागत नाही, खुशाल करा.

पाहुण्यांना शाल देऊ नका. सोलापुरात येऊन शाल घेऊन गेला तर तो घरी काय सांगेल? चादर द्या. बरोबर शेंगा चटणीची पुडी आणि कडक भाकरी, ती प्रवासात टिकते. एका गायिकेने पुण्याला पोचल्यावर फोन करून गाण्याबद्दल एक अक्षर न काढता चटणीचं प्रमाण विचारलं होतं.

चौकात डिजिटल फलक लावायचा का?

लावाच म्हणत असाल तर महापालिकेची परवानगी काढा आणि त्यावर कलाकाराचा फोटो शुभेच्छुकांपेक्षा मोठा ठेवा. एका फलकावर किशोरकुमार टपाल तिकिटाएवढे आणि भोवती पंधरा शुभेच्छुक गॉगल लावून होते. जयंती कोणाची ते कळायला गाडी थांबवावी लागली.

त्या बिडीवाल्या अक्का अजून येतात का?

येतात, तिसऱ्या रांगेतच बसतात. पण आता चूक सभागृहापर्यंत जातच नाही. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आम्ही यादी घेऊन त्यांच्या दारात जातो. उंबऱ्यावर बसून एकेक गाणं वाचतो: शब्द अमक्याचे, चाल तमक्याची. त्या मान वर करत नाहीत, पानं कापत राहतात. कात्री थांबली की मी पेन काढतो.